लर्निंग लायसनच्या परीक्षेतली वाहतुकीची चिन्हं ध्यानात राहीनात, कशी लक्षात ठेवावी?

सेलूची ताई

नमस्कार. सेलू तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे, वय ३९. मीटिंग, अहवाल, लसीकरण, काही ना काही कामानं तालुक्याला जावंच लागतं. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही आणि दुपारचे दोन तास फाट्यावर जातात. म्हणून दिवाळीत स्कूटी घेतली. लायसन हातात आल्याशिवाय गावाबाहेर काढायची नाही, असं ठरवलंय.

परवा लर्निंगची परीक्षा दिली. १५ प्रश्न, पास व्हायला ९ बरोबर लागतात, मला ७ आले. नियमांचे सगळे बरोबर होते, चुकले ते चित्रांचेच. मुलानं वहीत सगळ्या चिन्हांची नावं लिहून दिली होती. तीन रात्री भाकरी थापता थापता पाठ केली, न बघता म्हणून दाखवायचे. पण स्क्रीनवर चित्र आलं की नाव आठवंना आणि वेळ संपून जायचा. एका प्रश्नात गोलात हॉर्न होता. मी 'हॉर्नला मनाई' दाबलं, ते चूक निघालं. अजून कळलं नाही का चुकलं. आणि 'उभे करण्यास मनाई' आणि 'थांबण्यास मनाई' हे वेगळं कसं? पन्नास रुपये भरून परत देणार आहे. कुणी नीट सांगेल का?

निवृत्त चालक, परभणी

ताई, ती वही आधी बाजूला ठेवा. नावं पाठ करून चिन्हं येत नसतात. मी ३१ वर्षं एसटी चालवली. पाटी लांबून दिसते तेव्हा आतलं चित्र दिसतच नाही, आधी दिसतो तो आकार आणि रंग. परीक्षेतही डोळा त्याच क्रमानं फिरवा.

गोल म्हणजे हुकूम. लाल काठाचा गोल असेल तर 'करू नका', निळा गोल असेल तर 'केलंच पाहिजे'. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे 'पुढं हे आहे, जपून'. निळी चौकोनी पाटी नुसती माहिती देते: पेट्रोल पंप, दवाखाना, जेवणाची सोय.

आता एकच सायकल घ्या. लाल गोलात सायकल आणि वर तिरपी रेघ असेल तर सायकलीला बंदी. निळ्या गोलात असेल तर तो मार्ग सायकलींसाठीच. त्रिकोणात असेल तर पुढं सायकली रस्ता ओलांडतात. चित्र तेच, चौकट बदलली की अर्थ बदलला. तुमचा हॉर्न तिथंच चुकला असणार. तो निळ्या गोलात असेल, म्हणजे 'हॉर्न वाजवा'. घाटात आंधळ्या वळणावर समोरचा दिसत नाही, तिथं वाजवायलाच पाहिजे.

थांबण्याच्या दोन्ही पाट्या निळ्यावर लाल असतात, म्हणून गडबड होते. तिथं रेघा मोजा. एक तिरपी रेघ असेल तर गाडी लावून ठेवायची नाही, पण माणूस उतरवून निघता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंच नाही.

या हिशेबाबाहेरच्या दोनच पाट्या नीट बघून ठेवा. 'थांबा' आठकोनी लाल असते आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण, टोक खाली. दोन्ही हुकूमच आहेत, पण आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत. उसाच्या हंगामात पाटीवर इतका फुफाटा बसतो की अक्षर दिसत नाही, तरी आठ कोपरे दिसतात.

ऊसवाला, औसा

काकांचं बरोबर आहे, पण त्रिकोणातच सगळ्यांत जास्त चित्रं आहेत आणि तिथं चौकट कामाला येत नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेननं काढली. हातानं काढलं की फरक कळतो. अरुंद रस्त्याच्या दोन रेघा पुढं जवळ येतात आणि तशाच सरळ जातात. अरुंद पुलाच्या दोन रेघा मध्ये आत दबून परत बाहेर फाकतात, कारण पूल संपला की रस्ता पुन्हा रुंद होतो. हे मला वाचून कधी कळलं नव्हतं.

लातूरची पोरगी

ताई, लायसनसाठी सरकारची 'सारथी' वेबसाइट आहे, तिच्यावर सराव परीक्षा आहे, ती मराठीत देऊन बघा. तिथली मराठी पुस्तकी असते. 'निषिद्ध' किंवा 'प्रतिबंधित' म्हणजे मनाई, 'अनिवार्य' म्हणजे केलंच पाहिजे, 'पादचारी' म्हणजे पायी चालणारा. माझ्या आईला चिन्हं येत होती, ती या शब्दांना अडली.

सेलूची ताई

सगळ्यांचे आभार. काका, सायकलीचं वाचलं आणि डोक्यातलं जाळंच फिटलं. रात्री पोराबरोबर बसून कॅलेंडरवर काढायला घेतलं. रेल्वे फाटकाच्या चिन्हांवर अडलोय. एका त्रिकोणात कुंपणासारखं आहे, दुसऱ्यात इंजिन. आमच्या सेलूला तर रेल्वे रोजची, तरी सांगता येईना.

निवृत्त चालक, परभणी

कुंपण दिसलं तर तिथं फाटक आहे, राखणदार आहे. नुसतं इंजिन दिसलं तर फाटक नाही. तुम्हीच थांबायचं, दोन्हीकडं बघायचं, कान द्यायचा, मग रूळ ओलांडायचे. ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांवरची, असली उघडी क्रॉसिंगं २०१९ पर्यंत काढून टाकली, पण प्रश्न अजून येतो. पाटीखाली दोन पट्ट्या असतील तर रूळ २०० मीटरवर, एक असेल तर शंभराच्या आत.

सेलूची ताई

आज दिली. १५ पैकी १३. निळ्या गोलातला हॉर्न परत आला होता, 'अनिवार्य' दाबताना हात थरथरत होता. चुकलेल्या दोन्हींत चिन्ह नव्हतं.

काका, आता पांढऱ्यावर लाल एल पुढं-मागं दोन्हीकडं लावायचा ना? आणि शिकताना मागं पोराला बसवलं तर चालेल का?

निवृत्त चालक, परभणी

शाब्बास ताई! हो, एल दोन्हीकडं. पोराला नाही बसवायचं. शिकवणारा लायसनवाला असेल तोच मागं बसेल, दुसरं कुणी नाही. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसनची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. तोवर सकाळी लवकर, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत हात बसवा.