'युरेटेरिक बड'ला कळी काहून म्हणायचं?

लातूरकर: भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हाय, तिला गर्भात किडनी कशी तयार होते ते मराठीत लिहून द्यायलो पण पहिल्याच शब्दाला अडलो. 'युरेटेरिक बड'ला 'मूत्रवाहिनी कलिका' लिहिलेलं दिसतं. आता कळी म्हटलं की फूल आलं, इथं फूल कुठंय? पाचव्या आठवड्यात आधीच असलेल्या एका नळीच्या बाजूनं हे निघतं, शेजारच्या पेशींच्या गोळ्यात घुसतं अन् तिथं दोन फांद्या, मग चार, असं फुटतच जातं.

गोदाकाठ: अंकुर?

शिवारवाला: अंकुर बियाचा असतो हो. उसाच्या कांडीवरचा तो डोळा. तुम्ही सांगायलाव तो सरळ सरळ फुटवा, तुरीचा शेंडा खुडला की बाजूनं येतो तसा.

लातूरकर: फुटवा जमतंय!! फक्त इथं खुडाखुडी काही नाही, तो शेजारचा गोळाच बोलावतो. जीडीएनएफ नावाचं प्रोटीन सोडतो, अन् नळीच्या पेशींवर रेट नावाचा रिसेप्टर असतो तो ते धरतो. १९९६ ला उंदरांत जीडीएनएफचं जीनच काढून बघितलं तर पिल्लं किडनीशिवाय जन्मली. अन् नळीवर भलतीकडं फुटवा येऊ नये म्हणून अडवणारे सिग्नलही असतात, ते चुकले अन् दोन फुटवे आले की एकाच किडनीला दोन मूत्रवाहिन्या.

गोदाकाठ: मग सिग्नलला 'संकेत' कशाला, 'सांगावा' म्हणा की. संकेत म्हणजे दोघांत आधी ठरलेली खूण. सांगावा धाडावा लागतो अन् समोर घेणारा पण लागतो, घरात कोणी नसलं तर गेला वाया.

लातूरकर: वा, म्हणजे रेट नसला तर तसंच की. अन् उलटा सांगावा बी जातो बरं का, फुटवा विंट ९बी नावाचं प्रोटीन सोडतो, मग गोळ्यातल्या पेशी जवळ येतात, स्वतः विंट ४ काढतात अन् त्यांचे नेफ्रॉन, म्हणजे किडनीतले रक्त गाळणारे बारीक घटक, होतात. एका किडनीत सरासरी दहा लाख, अन् जन्मानंतर नवा एक बी नाही.

शिवारवाला: नेफ्रॉनला मात्र मराठी शब्द काढू नका, हात जोडतो. आमच्याकडं 'वृक्क' म्हटलं तर लोक झाड समजतेत, किडनी नाहीतर गुर्दा म्हटलं तरच कळतं.

लातूरकर: आत्ताच भाचीला वाचून दाखवलं. म्हणे मामा, फुटवा लगेच कळला, पण व्हायव्हाला म्हटलं तर सर हसतील.