स्टेरॉइडचं इंजेक्शन धोरणात आलं, त्याच्या अटी कुठे गेल्या?

सांख्यिक
माता-बाल आरोग्याच्या बैठकांत "पुरावा आहे ना, मग लागू करा" हे फार स्वस्त झालंय. आकड्यात दिसणारा फायदा एकट्या औषधाचा नसतो, ते जिथे दिलं त्या व्यवस्थेचाही असतो. त्यामुळे माझी भूमिका सरळ आहे: रुग्णालयातला ट्रायल (औषधाची चाचणी) दाखवून प्राथमिक केंद्रांसाठी धोरण करू नये. तिथला वेगळा ट्रायल व्हावा, मग बोलू.

अकाली प्रसूतीची शक्यता असेल तर आईला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात: 6 मिग्रॅ स्नायूत, 12 तासांच्या अंतराने, 4 डोस. बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे सिद्ध आहे. पण 2015 मध्ये याच इंजेक्शनचा 'अ‍ॅक्ट' ट्रायल आला. 6 देश, सुमारे 1 लाख जन्म, गावपातळीपासूनचे कर्मचारी. सर्वांत लहान बाळांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू तुलनेच्या गटात हजारी 23.9, तर उपक्रमाच्या गटात 27.4 होते, मातांमध्ये संसर्गाचा संशयही वाढला. औषध तेच होतं!

खडूफळा
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांच्यापैकी फक्त 16 टक्के मातांना तसं लहान बाळ झालं. गर्भाचं वय पाळीच्या तारखेवरून आणि पोटाच्या उंचीवरून ठरवलं, की असंच होणार. म्हणजे बहुसंख्य मातांना गरज नसताना स्टेरॉइड मिळालं. चूक निवडीत होती आणि ती दुरुस्त करता येते.

थांबण्याचीही किंमत असते. पहिला ट्रायल 1972 चा, ऑकलंडचा. 1990 पर्यंत 12 ट्रायलचा एकत्रित आढावा हाती होता. तरी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने सरसकट वापराची शिफारस केली ती 1994 मध्ये. या 22 वर्षांत गेलेली बाळं कोणाच्या रकान्यात धरायची?

रेघोटी
'वेगळा ट्रायल' मागणाऱ्यांनी एकदा गणित मांडून बघावं. नवजात मृत्युदर हजारी 24 आहे आणि 15 टक्के घट पकडायची आहे. 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली तरी प्रत्येक गटात सुमारे 26 हजार जन्म लागतात. एकेका आईऐवजी गावंच्या गावं गटांत वाटली (क्लस्टर), तर त्याहून जास्त. प्रत्येक उपायासाठी, प्रत्येक प्रदेशात? जमणार नाही.

दुसरीकडे, याच इंजेक्शनच्या 'अ‍ॅक्शन-1' ट्रायलचा निकाल 2020 मध्ये आला: 5 देशांतली 29 रुग्णालयं, 2,852 स्त्रिया, 26 ते 34 आठवड्यांचा गर्भ, वय सोनोग्राफीने ठरवलेलं. नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 वर, म्हणजे साधारण 25 स्त्रियांमागे एक बाळ वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच अटी लिहून दिल्या होत्या: गर्भाचं वय खात्रीने ठरवता यावं, प्रसूती जवळ आलेली असावी, आईला संसर्ग नसावा, प्रसूतीची नीट सोय असावी आणि अकाली बाळाची काळजी तिथे घेता यावी.

पण फाइल वरून खाली येताना औषधाचं नाव आणि डोस टिकतो, अटी गळतात. परिपत्रक एका पानाचं हवं असतं ना!

खडूफळा
अटी टिकवल्या तरी दुसरा धोका आहेच. सोनोग्राफी नाही, नवजात कक्ष नाही, म्हणून इंजेक्शनही नाही. सर्वांत अडचणीतली केंद्रं कायमची वगळली जातात आणि अटी ही न करण्याची सबब बनते. धोरणात लिहायला हवं की अट कोण, किती महिन्यांत पूर्ण करणार. आणि रजिस्टरमध्ये एक रकाना पुरतो: इंजेक्शन मिळालेल्यांपैकी किती जणी 34 आठवड्यांआधी प्रसूत झाल्या? हे प्रमाण कमी असेल तर निवड बिघडली आहे, मृत्यू मोजायची वाट बघावी लागत नाही.

सांख्यिक
रकाना चांगला, पण त्यावर विसंबू नका. उत्तर प्रदेशातला 'बेटरबर्थ' ट्रायल बघा: 120 केंद्रं, दीड लाखाहून जास्त जन्म, सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी आणि सोबत प्रशिक्षक. दोन महिन्यांनी आवश्यक कृतींचं पालन 73 टक्के, तुलनेच्या केंद्रांत 42. बारा महिन्यांनी 62 विरुद्ध 44. मृत्यू? दोन्हीकडे जवळपास सारखेच. कागदावर सुधारणा दिसली, परिणाम नाही. म्हणून मी शेवटचा आकडा मागतो.

रेघोटी
मग तो धोरण राबवतानाच मिळवा. सगळीकडे एकदम सुरू करू नका. आधी सोय असलेली रुग्णालयं पात्र ठरवा, कोणतं कधी सुरू होईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, टप्प्याटप्प्याने वाढवा. न सुरू झालेली रुग्णालयं आपोआप तुलनेचा गट होतात. जन्म आणि मृत्यू, मृतजन्मासकट, दोन्हीकडे एकाच पद्धतीने मोजा. नाहीतर जिथे जास्त शोधलं तिथे जास्त मृत्यू दिसतात.

सांख्यिक
हे मान्य, एका अटीवर: किती वाढ दिसली की कार्यक्रम थांबवायचा, तो आकडा पहिल्या टप्प्याआधी लिहून ठेवा आणि निर्णय कार्यक्रम चालवणाऱ्यांकडे देऊ नका.

खडूफळा
आणि थांबवायचा आकडा गाठायला लागणारे जन्म एका टप्प्यात मिळतील का? वरच्या 26 हजारांकडे पुन्हा बघा.