पुढची गाडी ईव्ही? आधी सोसायटीला विचारा

मुलुंडचा_मन्या (धागाकर्ता)
ऑफिसात, लग्नात, जिथे जावं तिथे हल्ली एकच विषय: 'पुढची गाडी ईव्ही का?' माझं मत सांगतो, पटलं नाही तर हाणा. मुंबईकर गाडी बदलतो ती खिसा बघून. पेट्रोल शंभरीपार गेलं आणि लोक सीएनजीकडे वळले. त्यात हवेची काळजी किती होती ते आपण सगळे जाणतो. ईव्हीचा हिशेबही वाईट नाही. जीएसटी 5 टक्के (छोट्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर 2025 पासून 18, आधी 28), अटल सेतूवर ऑगस्ट 2025 पासून टोल माफ. घोडं अडतं ते पार्किंगमध्ये. आमच्याकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या, माझी गाडी वरच्या पाळण्यात. वायर न्यायची कुठून? कमिटीला पत्र दिलं तर सेक्रेटरी म्हणतात, "आग लागली तर जबाबदार कोण?" एजीएममध्ये विषय टाकला 'आयत्या वेळचे विषय' या सदरात. तोवर वडे संपवून निम्मे लोक उठले होते. म्हणून आपली पुढची गाडी सीएनजी.

पार्लेकर_काकू
कमिटीच्या नावाने रडायचं आणि गाडी तीच घ्यायची, हे बरं आहे! आमची इमारत जुनी, पार्किंग तळाशी. एनओसी घेतली, आमच्याच मीटरवरून वायर खाली आणली, 16 अँपिअरचा पॉइंट बसवला. 30 युनिटची बॅटरी साधारण 10 तासांत भरते, म्हणजे रात्री लावा, सकाळी निघा. आणि हायवेवरच्या खोळंब्यात ईव्हीच शहाणी. उभी असताना मोटर काही खात नाही, ब्रेक दाबला की थोडी वीज परत मिळते. पेट्रोल गाडीचं कागदावरचं मायलेज अंधेरीच्या सिग्नलला मिळालंय का कुणाला? सीएनजीचं म्हणाल, तर नोव्हेंबर 2025 मध्ये आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गॅसवाहिनी फुटली तेव्हाच्या पंपावरच्या रांगा आठवा.

डहाणू_लोकल
काकू, तुमच्या पॉइंटमध्ये वीज येते कुठून? डहाणूत आणि ट्रॉम्ब्यात कोळसा जळतोच आहे. पार्ल्याचा धूर आमच्या दारात आणून ठेवायचा आणि वर 'झिरो एमिशन'चा स्टिकर!

पार्लेकर_काकू
@डहाणू_लोकल, कोळशाचं मान्यच आहे. पण इंजिनात पेट्रोलच्या ऊर्जेचा बराचसा भाग नुसता तापण्यात जातो, मोटरमध्ये तसं होत नाही. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढली की माझी आहे तीच गाडी आणखी स्वच्छ होते. पेट्रोल गाडी जुनी होईल तशी जास्तच धूर ओकते.

विरार_फास्ट
सकाळी 9 ला घाटकोपरला तुमच्या तिन्ही गाड्या सारख्याच थांबतात ना? चालू द्या.

काळीपिवळी
मन्याशेठ, 'खिसा बघून' हे अर्धंच. बाबा पद्मिनी टॅक्सी चालवायचे. 2000 नंतर उच्च न्यायालयाचा आदेश आला, जुन्या टॅक्सी सीएनजीवर न्या. स्टँडवर काय शिव्या पडल्या होत्या! डिकीत सिलिंडर, त्यामुळे दादरला उतरलेल्या गिऱ्हाइकाच्या बॅगा टपावरच्या कॅरियरला बांधायच्या. पुढे रोजच्या गल्ल्यात फरक दिसला, तेव्हा हेच बाबा इतरांना किट बसवायला सांगत सुटले. आधी सक्ती झाली, खिसा मागून पटला. ईव्हीचंही तसंच होणार. प्रत्येक पार्किंगला पॉइंट द्या असं सोसायट्यांना कुणीतरी दरडावलं, की तुमचे सेक्रेटरीच पहिली ईव्ही आणतील.

मुलुंडचा_मन्या
सक्ती होईल तेव्हा होईल, गाडी मला दिवाळीला हवीय. काकू, एनओसीचा मसुदा टाका इथे, कमिटीच्या माथी मारून बघतो. सीएनजीचं बुकिंग मात्र कायम.

काळीपिवळी
मग दोन छोट्या सिलिंडरवालं मॉडेल बघ, डिकी वाचते. आणि दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (सिलिंडरची दाब तपासणी) चुकवू नकोस, नाहीतर पंपवाला पाटी बघून परत पाठवेल.