प्रतिसाद: 'वितंडा' नको, 'खंडनपर लेखन' म्हणा

इंग्रजी 'पोलेमिक' (एखाद्या मताविरुद्ध केलेलं धारदार लेखन) या शब्दाला मराठी प्रतिशब्द म्हणून इथल्या चर्चेत वर 'वितंडवाद' सुचवलाय, तो मला अजिबात पटत नाही. न्यायसूत्रांत (न्याय या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मूळ ग्रंथात) चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितलेत. तत्त्व समजून घ्यायला करतात तो वाद, जिंकण्यासाठीचा जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसती समोरच्याची खोडायची ती वितंडा.

आमच्याकडं कोल्हापुरात मिसळीवरून रोज जुंपते. एकजण म्हणतो कट झणझणीतच पाहिजे, दुसरा मटकीच्या उसळीची बाजू घेतो. तिसरा मात्र सगळ्याच मिसळींना नावं ठेवतो, बरं 'मग कुठली चांगली?' विचारलं की गप्प. तो तिसरा वितंडवादी.

पोलेमिक लिहिणारा गप्प बसत नाही. मूळ ग्रीक 'पोलेमोस' म्हणजे युद्ध, म्हणजे भाषा धारदार असणारच, पण त्याला स्वतःची भूमिका असते. वेदोक्त प्रकरणात (शाहू महाराजांचे विधी वैदिक मंत्रांनी व्हावेत की नाही, या वादात) महाराजांच्या विरोधात टिळकांनी १९०१ साली 'केसरी'त अग्रलेख लिहिले. ते कितीही खटकले (मला खटकतात), तरी त्यांना वितंडा म्हणता येणार नाही.

म्हणून 'खंडनपर लेखन'. स्वतःची मांडणीही तेवढीच ठळक असेल तर 'खंडनमंडन' हा आपला जुना जोडशब्द आहेच. 'वादग्रस्त' मात्र कृपया वापरू नका, त्याचा अर्थ ज्यावरून वाद झालाय ते.