मदत हवी आहे: मंत्रचळाच्या पेशंटला गोळ्या आणि थेरपी एकत्र चालू असताना (सांगली)

वारणाकाठ

नमस्कार. मी सांगलीत समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए. झालंय, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी नाही. आठवड्यातले काही दिवस एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसते, बाकी वेळ स्वतःचे पेशंट बघते. दोन गोष्टींवर सल्ला हवाय. त्या एकमेकींत अडकल्यात, म्हणून एकाच धाग्यात विचारते.

आधी पेशंटबद्दल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. द्राक्षबागायतदाराच्या घरातला तरुण मुलगा. फवारणी करून आला की हाताला औषध राहिलंय या धास्तीने तासनतास हात धुतो. लहान पुतण्याला जवळ घेणं बंद केलंय. रात्री आईला उठवून विचारतो, "मी हात धुतले न्हवं?" ती म्हणते, "धुतलंस रं बाळा, झोप आता." थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरचे याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टरांनी निदान ओसीडीचं केलंय. सर्ट्रालिन ही रोजची गोळी चालू आहे, मात्रा हळूहळू वाढवली. शिवाय फारच जीव घाबरला तर घ्यायला म्हणून क्लोनाझेपाम दिलंय. माझ्याकडे ईआरपीसाठी पाठवलं, म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नंतरचं धुणं-विचारणं टाळायचं.

पुस्तकातली उदाहरणं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. पुस्तकात दाराची मूठ नाहीतर नोटा असतात, इथे खरंच विष आहे. फवारणीनंतर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. म्हणून मी त्याच्या वडिलांना विचारलं, तुम्ही काय करता? ते म्हणाले, पंप धुवून ठेवतो, कपडे बदलतो, साबण लावून एकदा आंघोळ, की जेवायला. मग तेवढंच माप ठरवलं. त्याच्या पुढचं सगळं धुणं आजाराचं. फवारणी नसलेल्या दिवशी बागेतून येऊन हात न धुता कपाट उघडायचं, औषधाच्या बंद खोलीच्या कडीला बाहेरून हात लावायचा, आंघोळ झाल्यावर पुतण्याला मांडीवर घ्यायचं, अशा पायऱ्या केल्या. पोरगं जिद्दीचं आहे. कडीपर्यंत आलंय.

अडचण अशी, की सेशनला येताना तो क्लोनाझेपाम घेऊन येतो. मग घालमेल होतच नाही. घालमेल होते, वाढते आणि हात न धुताही उतरते, हे त्याने स्वतः अनुभवायचं आहे, नेमकं तेच राहून जातं. दुसरीकडे घरचे म्हणतात, "मॅडम, आता फरक पडलाय, मोठी गोळी (म्हणजे सर्ट्रालिन) बंद करूया. ह्या गोळ्या लागल्या की सुटत न्हाईत." औषधाबद्दल काही सांगणं माझ्या कक्षेत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १०६ ही मर्यादा स्पष्ट घालतं आणि ती मला मान्य आहे. पण ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांशी उभ्या उभ्या दोन वाक्यं होतात. हे त्यांच्यापर्यंत कसं पोचवू, की त्यांच्या उपचारात नाक खुपसल्यासारखं वाटू नये? आणि ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की हा मुलगा दर आठवड्याला येऊ शकणार नाही.

दुसरा प्रश्न माझ्या शिक्षणाचा. या कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआय-मान्य प्रशिक्षणाशी बांधलेली आहे. ते प्रशिक्षण दोन वर्षं पूर्णवेळ. बंगळूरची निमहान्स किंवा रांचीची सीआयपी या सरकारी मानसोपचार संस्थांबद्दल मी नुसतं वाचते. मुलगी प्राथमिक शाळेत, घरी सासूबाई आजारी. जत, आटपाडीहून एसटीने माणसं माझ्याकडे येतात, त्यांना सोडून जाणं जिवावर येतं. पण असे पेशंट समोर आले की आपलं शिक्षण अपुरं वाटतं. काय करू?

मिरजकर_डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि डॉक्टरांना ते कळायलाच हवं. मला अशी चिठ्ठी आली तर मी आभार मानेन, कारण पेशंट ती गोळी कधी घेतो हे तो मला सांगत नाही. पेशंटची परवानगी घ्या आणि पत्र द्या, पाकिटात घालून. "औषध बदला" असं लिहू नका. काय दिसलं ते लिहा आणि प्रश्न विचारा.

क्लोनाझेपाम तो रोज घेतोय की कधीमधी, हे आधी विचारून घ्या. रोज घेत असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं, डॉक्टरच ती हळूहळू उतरवतील.

सर्ट्रालिनबद्दल घरच्यांना डॉक्टरांसमोर बसवा. सवय लागते ती क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्यांची. सर्ट्रालिनची तशी लागत नाही, पण अचानक थांबवलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते आणि लोकांना वाटतं, बघा, सुटत नाही. ओसीडीत मात्रा नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागते, परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात आणि बरं वाटल्यावरही निदान वर्षभर तरी गोळी चालू ठेवतात.

आणि स्वतःच्या कामाला दुय्यम समजू नका. २०१३ मध्ये अमेरिकेत १०० रुग्णांवर अभ्यास झाला. सगळ्यांना सर्ट्रालिनच्या गटातली गोळी चालू होती, पण गुण अर्धवट. काहींना जोडीला ईआरपी दिली, काहींना रिस्पेरिडोन हे दुसऱ्या जातीचं औषध, काहींना औषध नसलेली खोटी गोळी. ईआरपीवाल्यांपैकी ८०% सुधारले, रिस्पेरिडोनवाल्यांपैकी २३%, खोट्या गोळीवर १५%. त्या अभ्यासात सेशन आठवड्यातून दोनदा होती, ८ आठवड्यांत १७. तुमच्या छाटणीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आत्ता हात मोकळा आहे तोवर आठवड्यातून दोनदा घ्या, हंगामात फोनवर चालवा.

तासगावची_लेक

माझ्या भावाला हाच आजार होता. त्याचं मोटरच्या स्टार्टरवर होतं, रात्री चार-चारदा विहिरीवर जाऊन बघायचा. गोळीने त्याचा जीव जरा थाऱ्यावर आला, मग थेरपीत जे सांगतील ते करायची ताकद आली. पण ताई, आईला धरा. आमची आई प्रत्येक वेळी "बंद हाय रं" म्हणायची. थेरपिस्ट मॅडमनी तिला वेगळं बसवून सांगितलं, की उत्तर देऊ नका, त्याच्याजवळ बसा. पहिल्या रात्री आई रडली. तिला वाटलं आपण लेकराशी निर्दयी वागतोय. महिन्याभरात त्याचं विचारणंच कमी झालं.

लग्न ठरल्यावर घरच्यांनी परस्पर गोळ्या बंद केल्या आणि सगळं पुन्हा उलटलं, हेही सांगून ठेवते. तुमच्या पेशंटच्या घरच्यांना हे जरूर वाचून दाखवा.

अजिंक्यतारा

साताऱ्यात बरीच वर्षं थेरपी करतोय, आरसीआय नोंदणी आहे. शिक्षणाबद्दल लिहितो. तुम्ही म्हणता ते दोन वर्षांचं प्रशिक्षण म्हणजे एम.फिल., त्याच्या भरवशावर बसू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला फक्त २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. कुठल्याही कॉलेजची जाहिरात बघून फी भरू नका, आधी आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव शोधा. काही आठवड्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटने नोंदणी मिळत नाही. आणि नोंदणी होईपर्यंत पाटीवर "समुपदेशक" एवढंच ठेवा.

मुलगी लहान आहे तर आत्ताच घर सोडलं पाहिजे असं नाही. पण सुपरव्हिजन मात्र याच महिन्यापासून लावा. अनुभवी थेरपिस्टसमोर आपल्या केस मांडायच्या, ऑनलाइन चालतं, पैसे द्यावे लागले तरी द्या. तुम्ही वडिलांना विचारून धुण्याचं माप ठरवलंत, हे मला फार आवडलं. असं सुचणाऱ्या माणसाला प्रशिक्षण मिळालंच पाहिजे, म्हणून दोन-तीन वर्षांनी का होईना, जाच. सांगलीला परत येणारी माणसं कमी आहेत.

त्या मुलाच्या घरी १४४१६ हा नंबर लिहून ठेवायला सांगा. टेलिमानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रीही चालते. रात्री फारच बिघडलं तर घरच्यांना कुणाशी तरी बोलता येईल.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाशी बोलले, पत्राला त्याची हरकत नाही. गोळी रोज घेत नाही, फक्त माझ्याकडे येताना घेतो. आईला बुधवारी वेगळं बोलावलंय. मसुदा असा:

"आदरणीय डॉक्टर, आपण ईआरपीसाठी पाठवलेल्या पेशंटबद्दल त्याच्या संमतीने कळवते. ठरवलेल्या पायऱ्यांपैकी निम्म्या पार झाल्या आहेत. सेशनला येण्याआधी तो क्लोनाझेपाम घेतो, त्या दिवशी घालमेल जाणवत नाही आणि सराव पुढे सरकत नाही. सेशनच्या दिवशी ही गोळी कशी घ्यावी, याबद्दल आपण त्याला मार्गदर्शन कराल का? कुटुंबीय सर्ट्रालिन थांबवण्याचा विचार बोलून दाखवत आहेत. पुढच्या भेटीत आईवडिलांना सोबत पाठवते."

मिरजकर_डॉक्टर

पत्र उत्तम. सेशनच्या किती वेळ आधी आणि किती मिलिग्रॅम घेतो, तेवढं घाला. आणि खाली तुमचा फोन नंबर लिहा, म्हणजे ते ओपीडी संपल्यावर फोन करू शकतील.