मदत हवी आहे: क्रूझ कंट्रोल आपोआप सुटतो

माझ्याकडे २०१९ ची, हाताने गिअर बदलण्याची पेट्रोल गाडी आहे. गेल्या महिन्यापासून अटल सेतूवर ताशी ८० किलोमीटरचा वेग ठरवून दिला की, मी ब्रेक किंवा क्लचला पायही लावलेला नसताना, क्रूझ कंट्रोल (अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणारी यंत्रणा) मध्येच सुटतो. विशेषतः पुलावरील सांध्यांचा हादरा बसला की हे हमखास घडते. मुंबईच्या इतर रस्त्यांवर ही सोय वापरण्याची संधीच मिळत नसल्याने बिघाड नेमका कधी सुरू झाला, हे सांगता येत नाही.

हॉर्न आणि स्टीअरिंगवरील आवाजाची बटणे नीट चालतात, एअरबॅगचा दिवाही लागत नाही, म्हणून स्टीअरिंगमधील क्लॉक स्प्रिंगवर (स्टीअरिंग फिरतानाही त्यावरील बटणे व एअरबॅगची विद्युतजोडणी टिकवणाऱ्या गुंडाळीवर) माझा संशय नाही. मुलाला मागे उभे करून ब्रेकचे दिवे तपासले, तेही व्यवस्थित लागतात. परंतु अनेक गाड्यांत ब्रेकच्या स्विचमध्ये दिव्यांसाठी आणि क्रूझ तोडण्यासाठी वेगवेगळे संपर्क असतात, त्यामुळे एवढ्यावरून तो स्विच निर्दोष ठरत नाही. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून बिघाडाचा कोणताही कोड नोंदलेला नसल्याचे सांगितले आणि तरीही संपूर्ण स्विचसंच बदलण्याचा खर्च पुढे केला, जे मला पटलेले नाही.

गाडी चालू असताना ब्रेक व क्लच या दोन्ही स्विचच्या स्थितीची नोंद स्कॅनरवर घेऊन दोष निश्चित करणारा जाणकार इलेक्ट्रिशियन ठाणे किंवा मुलुंड परिसरात कोणाला माहीत आहे का? क्लचचा स्विच हादऱ्याने क्षणभर उघडल्याचा अनुभव कोणाला आला असल्यास तोही कृपया कळवावा.