मदत हवी आहे: अँटिबायोटिकमुळे गिळताना दुखतंय, बंद करू का?

वैतागलेला: डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय. कालपासून गिळताना छातीच्या मधोमध दुखतंय, साधं पाणीसुद्धा टोचत उतरतंय. कोर्स बराच बाकी आहे. बंद करू की रेटू? लवकर सांगा, रात्रीच्या डोसची वेळ होत आलीय.

पानगळ: कोणतं? किती मिलिग्रॅम? कशासाठी? नुसत्या 'अँटिबायोटिक'वर कोण काय सांगणार?

मधुमालती: अहो, ॲसिडिटी आहे ती. अँटासिड चघळा आणि त्यावरच गोळी घ्या. मी तसंच करते.

शंकेखोर: सर्दी-खोकल्यासाठी दिलंय का ते आधी बघा. विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो.

वैतागलेला: सर्दी कुठून काढली? पायाची जखम चिघळलीय. डॉक्सिसायक्लिन १००, दिवसातून दोनदा.

औषधवाली: कॅप्सूल कशी घेता? पाणी किती?

वैतागलेला: रात्रीची बिछान्यातच, घोटभर पाण्यावर. त्याचा काय संबंध?

औषधवाली: सगळा संबंध तिथेच आहे! कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळते. हे औषध आम्लधर्मी, आतलं अस्तर भाजून काढतं, व्रण पडतो. बसून किंवा उभं राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पण आता दुखतंयच, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पाणीही उतरेना किंवा उलटीत रक्त दिसलं, तर फोनचीही वाट न बघता हॉस्पिटल गाठा.
मधुमालतीताई, अँटासिड त्यावर नको. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम डॉक्सीला धरून ठेवतं, औषध रक्तात नीट पोचतच नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तेच.

मधुमालती: मला तर छान गुण आला होता. अमॉक्सिसिलिन होतं.

औषधवाली: ते वेगळं औषध. त्याला अँटासिडने फारसा फरक पडत नाही.

दोन_पोरांचा_बाप: मुलांच्या ड्राय सिरपमध्ये उकळून गार केलेलंच पाणी घाला, बरोबर खुणेपर्यंत. दर वेळी बाटली हलवा.

पानगळ: इथे सिरप कोणी विचारलं?

शंकेखोर: मी तर बरं वाटलं की गोळ्या सोडतो.

पानगळ: आणि उरलेल्या पुढच्या तापाला घेत असाल! अपुऱ्या डोसाने जंतू औषधाला सरावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितलंय.

शंकेखोर: हल्ली कमी दिवसांचे कोर्सही देतात, वाचा जरा.

पानगळ: देतात ना, डॉक्टर देतात. तुम्ही नाही.

वैतागलेला: तुमचं चालू द्या. फोन लागला. आजचा डोस घेऊ नका, सकाळी या, औषध बदलू म्हणाले. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का विचारलं, मी नाही म्हटलं. लहानपणी कुठल्याशा गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं, ते सांगायला हवं का?

औषधवाली: हो, आत्ताच. परत फोन लावा.

मधुमालती: डॉक्सीवर ऊनही बाधतं हं, त्वचा भाजते.

वैतागलेला: रात्रीचे दहा वाजलेत, ताई.